गाइडात नसलेल्या दोन मुली

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतली एक मुलगी संध्याकाळी गाइड घेऊन आमच्या घरी आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील नाक्यावर रंगकाम करतात, आई आमच्याच कचेरीच्या इमारतीत कंत्राटावर सफाईचे काम करते. "जयभीम काका. सोमवारी मॅनेजमेंटचा पेपर आहे. हा हॉथॉर्न कोण होता ते एवढं सांगा," म्हणाली. आम्हाला हसू आले. पंचवीस वर्षांपूर्वी रात्रीच्या कॉलेजात असताना आम्हीही हॉथॉर्न म्हणजे कोणी दाढीवाला गोरा प्रोफेसर असावा असेच समजत होतो.

हॉथॉर्न हा माणूस नव्हे, तो एक कारखाना होता. अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसेरो नावाचे गाव आहे. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचे सामान तयार करणारा हा अवाढव्य कारखाना. भरभराटीच्या काळात तिथे चाळीस हजारांच्या घरात माणसे कामाला होती. पोलंड, बोहेमिया, इटली, नॉर्वे अशा देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबे, आणि त्यांच्या अठरा-वीस वर्षांच्या मुली. १९१५ साली या कामगारांची सहल निघाली होती. बोट नदीच्या धक्क्यालाच कलंडली आणि आठशेहून अधिक माणसे बुडून मेली. ही गोष्ट कोणत्याही गाइडात नाही. असो.

गाइडात आहे ते एवढेच: एल्टन मेयो या हार्वर्डच्या प्राध्यापकाने हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग केले. उजेड वाढवला, उत्पादन वाढले. उजेड कमी केला, तरी उत्पादन वाढले. यावरून सिद्ध झाले की कामगाराला पैशापेक्षा आपुलकी हवी असते. पाच मार्क. आम्हीही हेच पाठ करून पास झालो. पुढे युनियनच्या कामात पडलो, लायब्रऱ्या धुंडाळायची सवय लागली, आणि मग लक्षात आले की या अर्ध्या पानाच्या मागे केवढे मोठे रामायण आहे, आणि ते मांडताना कोणाला गाळले आहे.

आधी हार्वर्डचे सांगतो. हार्वर्ड हे बोस्टनजवळचे जुने विद्यापीठ. त्याने १९०८ साली बिझनेस स्कूल काढले. बिझनेस स्कूल म्हणजे टायपिंग आणि टॅली शिकवणारा क्लास नव्हे. कंपन्या चालवणारे साहेब तिथे घडतात. शिकवण्याची तऱ्हाही निराळी. प्राध्यापक उभा राहून नोट्स सांगत नाही. एखाद्या खऱ्या कंपनीवर काय प्रसंग आला होता त्याची हकिकत छापून विद्यार्थ्यांच्या हाती देतात. ती रात्री वाचून यायची. सकाळी वर्गात प्राध्यापक कोणालाही उठवून विचारतो, तुम्ही त्या मॅनेजरच्या जागी असता तर काय केले असते? याला ते केस म्हणतात. १९१९ साली डीन झालेले वॉलेस डॉनहॅम हे वकिलीच्या शिक्षणातून आलेले. कायद्याच्या वर्गात कोर्टाचे निकाल घेऊन शिकवतात, तसे धंद्याच्या वर्गातही शिकवावे, हा त्यांचा आग्रह.

पण केस लिहायची तर कंपनीचे दार उघडावे लागते. आत जाऊन बघावे लागते. म्हणजे विद्यापीठाला कंपनी हवी. आणि कंपनीलाही विद्यापीठ हवेच असते. कामगार कंटाळतो का, सोडून का जातो, माल कमी का निघतो, हे कोणी शहाण्याने सांगितले तर फायदा तिचाच. या देवाणघेवाणीतून हॉथॉर्नचे संशोधन उभे राहिले. मेयो मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२६ साली ते हार्वर्डमध्ये आले. त्यांच्या संशोधनाला रॉकफेलर या धनाढ्य घराण्याच्या निधीतून पैसा मिळे. म्हणजे कारखाना कंपनीचा, डोके विद्यापीठाचे, पैसा भांडवलदाराचा. कामगाराचे काय होते, तर हात.

आता खरी हकिकत. उजेडाचे प्रयोग १९२४ ते १९२७ या काळात झाले. ते मेयोंनी केलेच नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने कंपनीच्या माणसांबरोबर ते केले. दिव्यांचा धंदा करणाऱ्यांना त्यात रस होता, कारण उजेड वाढवला की माल वाढतो असे निघाले असते तर दिवे खपले असते. तसे काही सरळ निघाले नाही. दोन मुलींनी तर जवळजवळ चांदण्याएवढ्या उजेडातही आपले काम चालू ठेवले. आमच्यासारख्या कारकुनाला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. या प्रयोगांचे आकडे हरवले असेच सगळे समजून चालले होते. शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, लेव्हिट आणि लिस्ट यांनी, ते शोधून काढले आणि २०११ साली पुन्हा मांडून दाखवले. उजेड बदलला जाई तो रविवारी, सुट्टीच्या दिवशी. सोमवारी माल जास्त निघे. पण ज्या आठवड्यात उजेडाला कोणी हातही लावला नव्हता, त्या सोमवारीही जास्तच निघे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली ती गोष्ट, निदान गाइडात आहे तशी, आकड्यांत सापडत नाही. रजिस्टर जपून ठेवले की ऐंशी वर्षांनीसुद्धा हिशेब तपासता येतो. फाइल सांभाळणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्यानंतर एप्रिल १९२७ मध्ये कंपनीने एका वेगळ्या खोलीत सहा मुली बसवल्या. पाच जणी रिले जोडणार, सहावी त्यांना सुटे भाग पुरवणार. रिले म्हणजे टेलिफोनच्या यंत्रातला विजेचा लहानसा खटका. सुमारे पस्तीस भाग, आणि जोडायला साधारण एक मिनिट. एक रिले पूर्ण झाला की तो उतरंडीच्या भोकात टाकायचा, त्यासरशी कागदाच्या पट्टीवर छिद्र पडे. दिवसभर छिद्रे. कोण कितव्या मिनिटाला थकली, कोण कधी पाणी प्यायला उठली, सगळे त्या पट्टीवर. साधारण दर सहा आठवड्यांनी कंपनीचा डॉक्टर तपासणी करी. ती मुलींना सुरुवातीला मुळीच पसंत नव्हती.

मग एकेक सवलत देऊन पाहिली. आधी पगाराची पद्धत बदलली. पूर्वी शंभरेक जणींच्या मोठ्या गटाच्या कामावर पैसे मिळत, आता या लहान गटाच्या कामावर मिळू लागले, म्हणजे जास्त केले तर जास्त हातात. मग पाच-पाच मिनिटांच्या दोन सुट्ट्या, मग दहा-दहाच्या. मग सकाळी कंपनीकडून कॉफी किंवा सूप आणि सँडविच. मग संध्याकाळी अर्धा तास लवकर सुटी. मग शनिवार बंद. आठवड्याला एका मुलीचे साधारण चोवीसशे रिले होत, ते पुढे तीन हजारांपर्यंत गेले. मधे सगळ्या सवलती काढून घेऊन पाहिल्या, तरी आठवड्याचा माल पूर्वीच्या पातळीवर आला नाही. यावरून तो सिद्धांत, की सुट्टी आणि पैसा हे दुय्यम, लक्ष दिले, विचारले, मान दिला म्हणून मुलींनी काम केले.

हे सगळे त्या मुलीला सांगत होतो, तेवढ्यात तिची आई तिला जेवायला बोलवायला आली आणि उंबऱ्याशीच टेकली. सूप-सँडविचचे ऐकून म्हणाली, "भाऊ, त्यांना खायला खोली होती का? आम्ही जिन्यावर डबा खातो." आम्ही गप्प बसलो. त्या गोष्टीकडे पुढे येतो.

मेयो हॉथॉर्नला पहिल्यांदा गेले ते एप्रिल १९२८ मध्ये. म्हणजे खोली सुरू होऊन वर्ष झाल्यावर. तोवरचे सगळे काम कंपनीच्या माणसांनी केले होते, आणि सर्वांत जास्त त्या मुलींनी. आणि मेयो येण्याआधी, जानेवारी १९२८ मध्ये, एक गोष्ट घडून गेली होती. मुलींना सांगितले होते, मोकळेपणाने काम करा, जसे वाटेल तसे करा. त्या मोकळेपणाने बोलू लागल्या. मग त्यांना ताकीद मिळाली, बोलणे कमी करा. चूक झाली तर मोठ्याने सांगायची सक्ती केली. दोघींनी ते मनावर घेतले नाही. त्या दोघींना खोलीतून काढून पुन्हा मोठ्या खात्यात पाठवले. कारण काय, तर फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत. एकीला तर ‘बोल्शेविक झाली’ असेही म्हटले गेले. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे तपासणीत निघाले होते, तेव्हा तिच्या वागण्याचे खापर त्यावर फोडले गेले. भूक लागली म्हणून माणूस चिडला तर त्याला स्वभाव म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

त्यांच्या जागी दोन नव्या मुली आणल्या. त्यातली एक फार झपाट्याने काम करणारी. घरची मोठी जबाबदारी तिच्यावर. बाकीच्यांनाही ती ओढून नेई. उत्पादनाची रेघ यानंतर चांगलीच वर चढली. १९७८ साली फ्रँके आणि कौल या दोन संशोधकांनी त्या खोलीचे आकडे पुन्हा तपासले. त्यांचे म्हणणे असे पडले की वाढीचा मोठा वाटा या दोघींना काढण्याच्या शिस्तीचा, पुढे आलेल्या मंदीच्या धाकाचा आणि विश्रांतीचा होता. सगळ्यांनाच ते मान्य आहे असे नाही, वाद अजून चालू आहे. पण आमच्या गाइडात त्या दोघींचा उल्लेखसुद्धा नाही. पाच मुलींपैकी दोघींना बाहेर काढून जे उरले त्याला आपुलकी म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही.

पैशाचेही तसेच. कंपनीने आणखी पाच जणींना त्यांच्या नेहमीच्या खात्यात ठेवूनच फक्त पगाराची ती लहान गटाची पद्धत दिली. ना सुट्टी, ना सूप. त्यांचा माल बाराएक टक्क्यांनी वाढला. बाकीच्या मुली कुरकुरू लागल्या म्हणून नऊ आठवड्यांत ती पद्धत बंद केली, तर माल खाली आला. हे त्यांच्याच पुस्तकात लिहिले आहे. तरी शिकवताना म्हणायचे, कामगाराला पैसा एवढा महत्त्वाचा नाही. पगाराच्या पाकिटावर घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा. मान हवा हे खरे, पण तो उपाशीपोटी पचत नाही.

एवढे बोलल्यावर न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या संशोधनात एक गोष्ट फार मोलाची होती. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारीत. लोक भलतेच काही सांगत. शेवटी ठरले की प्रश्न विचारायचेच नाहीत. कामगार बोलेल ते ऐकायचे, वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. एक कामगार सांगत होता की दर फार कमी आहे. बोलता बोलता कळले, बायको दवाखान्यात आहे आणि डॉक्टरच्या बिलाची धास्ती आहे. एकीने कँटीनच्या जेवणाची तक्रार केली होती. पुढे ती मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानायला आली की जेवण किती सुधारले. प्रत्यक्षात कँटीनवाल्याला कोणी काही बोललेच नव्हते! मन मोकळे झाल्यावर भाजी गोड लागते, हे आमच्या आयाबायांना विद्यापीठात न जाता माहीत आहे. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात साहेबाने गप्प बसून कामगाराचे ऐकावे, हा विचार त्या काळी नवा होता आणि आजही जुना झालेला नाही. त्याचा धोकाही इथेच आहे. पुढे १९३६ पासून तिथे गाऱ्हाणी ऐकण्यासाठीच माणसे नेमली. त्यांना ऐकण्याचा अधिकार होता, काही करण्याचा नव्हता.

शेवटचा प्रयोग पुरुषांचा. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२. एका खोलीत चौदा जण, तारा जोडणारे नऊ, डाख लावणारे तीन आणि तपासणारे दोन. संशोधक कोपऱ्यात बसून नुसता बघायचा. दिसले असे की या माणसांनी दिवसाला किती काम करायचे हे आपसात ठरवले होते. त्याहून जास्त कोणी केले तर दंडावर ठोसा, फारच कमी केले तरी टोमणे, आणि साहेबाकडे चुगली करणाऱ्याला तर माफी नाही. जास्त केले की दर कापतील आणि माणसे कमी करतील, अशी त्यांना भीती. प्राध्यापकांनी लिहिले की ही भीती तर्काला धरून नाही. आणि खोली बंद का झाली, तर मंदीमुळे काम उरले नाही म्हणून! हजारो लोक घरी बसले. तर्क कोणाचा बरोबर निघाला ते वाचकांनीच पाहावे. मेयोंच्या लिखाणात कामगार संघटनेला जवळजवळ जागाच नाही, हा आक्षेप त्यांच्यावर पुढे पुष्कळांनी घेतला. आम्ही युनियनवाले, आम्हीही घेतो.

मात्र ‘गट’ म्हटले की प्राध्यापकही भारावतात आणि युनियनवालेही. आम्हाला इथे थोडे थांबावेसे वाटते. मेयो हॉथॉर्नला पोचले त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप चालू होता. आमचे आजोबा गिरणीत होते, पण त्रासनखात्यात. साचेखात्यात, जिथे कापड विणले जाई आणि पगार चांगला मिळे, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या माणसाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. तिथेही गट होता. एकीने राहणारा, एकमेकांसाठी संप करणारा गट. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत आमच्या लोकांना काम मिळावे ही मागणीही यादीत घाला. त्यांनी ती नाखुषीने घातली. मालकांनी हात झटकले, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. गट म्हणजे उब, पण ती दाराच्या आत असणाऱ्याला. त्या सिसेरो गावातच पाहा ना. १९५१ साली एका काळ्या कुटुंबाने तिथे खोली भाड्याने घेतली, तर हजारोंच्या जमावाने त्या इमारतीवर हल्ला केला, सामान जाळले, आणि राज्यपालांना सैनिक बोलवावे लागले. हॉथॉर्नच्या अभ्यासात गटाचे कायदे तपशिलाने टिपले आहेत. गटात शिरूच न दिलेल्यांचे टिपण आम्हाला तिथे सापडले नाही.

मेयोंचे सहकारी रोथलिसबर्गर आणि कंपनीचे डिक्सन यांनी मिळून १९३९ साली या सगळ्याचे जाडजूड पुस्तक काढले. विद्यापीठाचा एक आणि कंपनीचा एक, असे जोडीने लिहिलेले पुस्तक. मुलींना त्यात नावे नाहीत, नंबर आहेत. त्यांच्या नावाची चर्चा होऊ नये म्हणून असेल, ते ठीक. पण ज्यांच्या हातांच्या छिद्रांवर त्या बिझनेस स्कूलचे नाव जगभर झाले, त्यांच्यासारख्या मुलींना त्याच शाळेच्या दोन वर्षांच्या एम.बी.ए.ला थेट प्रवेश मिळाला तो १९६३ साली. तोवर पहिल्या वर्षाचे वर्ग पुरुषांचेच.

ही विद्या आपल्याकडे आली तीही सहकार्यातूनच. अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ साली निघाली ती हार्वर्डच्या याच बिझनेस स्कूलचा हात धरून. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची, तिच्या मागे स्टॅनफर्ड. अशा वाटांनी ही पुस्तके आली, पुस्तकांची भाषांतरे झाली, भाषांतरांची गाइडे झाली, आणि शेवटी चार ओळी आमच्या वसाहतीतल्या मुलीच्या हाती पडल्या. ती म्हणाली, "काका, एम.बी.ए. म्हणजे मोठ्यांच्या मुलांचं काम." आम्ही म्हटले, आय.आय.एम.मध्ये अनुसूचित जातींसाठी पंधरा टक्के जागा राखीव आहेत, त्या काय बाकावर धूळ बसायला? परीक्षा अवघड आहे, इंग्रजी लागते, गणित लागते, तयारी दोन वर्षे आधी धरावी लागते. पण ज्या घरात आई कंत्राटी कामगार आहे त्या घरातली मुलगी त्या वर्गात बसली आणि प्राध्यापकाने विचारले, तुम्ही मॅनेजर असता तर काय केले असते, तर तिच्यापाशी सांगण्यासारखे असे काही असेल जे बाकीच्यांनी पुस्तकातही पाहिलेले नाही.

आता जिन्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत साहेबांनी एक मॅनेजमेंटचे शिक्षक बोलावले होते. दोन दिवस पडद्यावर चित्रे दाखवली, फुगे फुगवायचे खेळ खेळवले, चहा-बिस्किटे झाली. शेवटी सगळ्यांना एक फॉर्म दिला, कामावर तुम्हाला काय वाटते ते मोकळेपणाने लिहा. हॉथॉर्नचे नावही त्यांनी दोनदा घेतले. सफाईच्या बाया त्या वेळी बाहेर व्हरांडा पुसत होत्या. आम्ही विचारले, यांना फॉर्म? उत्तर मिळाले, त्या आपल्या पटावर नाहीत, कंत्राटदाराच्या आहेत.

आई त्या रात्री उंबऱ्यावर बसून जे बोलली त्यानंतर आम्ही आणि आमचे दोन सहकारी दुपारच्या सुट्टीत वही घेऊन त्या बायांकडे गेलो. अकरा जणी आहेत. हार्वर्डवाल्यांकडून शिकलो ते एकच, मधे बोलायचे नाही. पहिल्या दिवशी कोणी काही सांगेना. सगळं चांगलं आहे साहेब, एवढेच. आम्हाला साहेब म्हणाल्या याचेच वाईट वाटले. तिसऱ्या दिवशी एकीने सुरुवात केली आणि मग थांबेचनात. पगार उशिरा होतो हे आम्हाला अपेक्षित होते. जे अपेक्षित नव्हते ते असे की कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. चार वर्षांपासून एक जण बाहेर उभी राहते तेव्हा दुसरी साडी बदलते. रोज त्या दारावरून आम्ही जातो. आम्हाला ते दिसले नव्हते.

कडी बसली, तीस-पस्तीस रुपयांचे काम होते. पगाराबद्दल कंत्राटदाराला युनियनचे पत्र गेले आहे. डबा खायला जागा द्यावी असा अर्ज वरच्या मजल्यावर आहे, त्याला आवक नंबर पडला आहे, तो आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.

त्या मुलीचा पेपर झाला. हॉथॉर्नवर टीप आली होती. आम्ही तिला सांगितले होते की आधी गाइडात आहे ते लिही, मार्क त्यालाच आहेत. तिने ते लिहिले, आणि खाली दोन ओळी आपल्या घातल्या, की फार बोलतात म्हणून दोन मुलींना प्रयोगातून काढले होते आणि त्यांना कोणी विचारले नाही. निकाल अजून लागायचा आहे.